रिंगणाला दर्शनी बाजू नसते

गाण्याला दृश्यांची जोड देऊन तीन-चार मिनिटांची जी स्वयंपूर्ण कृती रचली जाते, तिला माध्यमशास्त्राच्या ग्रंथांत संगीतचित्रफीत म्हणतात. बोलण्यात मात्र तिला ‘गाण्याचा व्हिडिओ’ किंवा नुसते ‘अल्बम’ म्हणण्याची रीत आहे, आणि आठ-दहा गाण्यांच्या कॅसेटचा काळ सरून एकेक गाणे सुटे प्रसिद्ध होऊ लागले तरी हा शब्द एकट्या गाण्याला चिकटून राहिला आहे. माध्यमशिक्षणात विद्यार्थ्यांना ही कृती प्रकल्प म्हणून का दिली जाते, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. लघुपटाला कथा, संवाद आणि अभिनय लागतो, माहितीपटाला दीर्घ संशोधन लागते. गाण्याची लांबी मात्र आधीच ठरलेली असते, त्यामुळे कामाला आपोआप कुंपण पडते, आणि त्या कुंपणाच्या आत राहूनही कल्पना, पूर्वतयारी, चित्रीकरण, संकलन (म्हणजे चित्रित तुकड्यांतून निवड करून त्यांना क्रम आणि गती देणे) आणि प्रसारण या सर्व पायऱ्या विद्यार्थ्याला एका सत्रात चढून जाता येतात. ब्रिटनमधील शालेय माध्यम-अभ्यासक्रमांत चित्रफीत, अल्बमचे वेष्टन आणि त्याची जाहिरात असा संच विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचा प्रघात पडला तो याच सोयीमुळे. आणि आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये आपल्याकडेही पदवीच्या वर्गांत क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागल्यामुळे हा प्रकार मोठ्या शहरांबाहेरच्या महाविद्यालयांच्याही आवाक्यात आला आहे.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत मात्र ‘गाण्याची लांबी आधीच ठरलेली असते’ हे गृहीतक पहिल्याच पावलाला अडखळते. तारपा, म्हणजे भोपळ्याचे फुंकून वाजवायचे वाद्य, वाजू लागला की तो किती वेळ वाजेल हे तारपकऱ्याचा, म्हणजे तो वाजवणाऱ्याचा, दम, नाचणाऱ्यांचा उत्साह आणि रात्र यांवर अवलंबून असते. त्याला ध्रुवपद नाही, कडवे नाही, बहुधा शब्दही नाहीत. शहरात मुद्रित झालेल्या गाण्याच्या मापाने बेतलेली पाठ्यपुस्तके येथील विद्यार्थ्याच्या हाती दिली, तर एक तर तो जवळची सामग्री सोडून मुंबईच्या एखाद्या तयार गाण्यावर ओठ हलवणारे मित्र चित्रित करतो, किंवा तारप्याला त्या मापात कोंबतो. दोन्ही प्रकारच्या चित्रफिती इंटरनेटवर मुबलक आहेत. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी की या भागात नियोजनाचा आरंभ कॅमेऱ्यापासून न करता गाण्यापासून करावा. गाण्याचा ऋतू कोणता, ते कोणाचे, त्याचा श्वास केवढा, ते कोणाकडे तोंड करून गायले-वाजवले जाते, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच कॅमेरा पिशवीतून बाहेर काढावा.

संगीतचित्रफीत या प्रकाराचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. १९७५ मध्ये ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या गाण्याची फीत प्रसिद्ध केली आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हापासून हा प्रकार व्यवसाय म्हणून स्थिरावला. भारतात चित्रपटगीतांनी ती जागा आधीच व्यापलेली होती. चित्रपटाबाहेरच्या गाण्याची फीत घराघरांत पोचली ती १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर दाखवलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मुळे. पीटर मॅन्युएल या संगीत-अभ्यासकाच्या १९९३ मधील ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की स्वस्त कॅसेटमुळे उत्तर भारतातील प्रादेशिक संगीताला मोठ्या कंपन्यांना वळसा घालून स्वतःचा बाजार मिळाला. कोकण किनाऱ्यावर कोळीगीतांच्या कॅसेटी, विशेषतः ‘वेसावकर आणि मंडळी’ यांची गाणी, त्याच लाटेवर गावोगावच्या हळदींत पोचली. आज मोबाइल फोनने तीच गोष्ट दृश्याच्या बाबतीत घडवली आहे, आणि खानदेशातील अहिराणी गाण्यांपासून पालघरच्या आदिवासी गाण्यांपर्यंत सगळीकडे तरुण मंडळी आपापल्या बोलीत फिती काढत आहेत.

अभ्यासकांनी या प्रकाराची मीमांसाही केली आहे. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दृश्य आणि गीत यांच्या नात्याचे तीन प्रकार मांडले : दृश्य शब्दांचे चित्रण करते, दृश्य शब्दांत नसलेला अर्थ भरून त्यांचा विस्तार करते, किंवा दृश्य शब्दांपासून फारकत घेऊन भलतीकडे जाते. गायकाचे जवळून घेतलेले चेहरे, विशिष्ट संगीतप्रकाराची ठरलेली दृश्यचिन्हे, पाहणे आणि पाहिले जाणे यांचा खेळ, अन्य कलाकृतींचे संदर्भ ही वैशिष्ट्येही त्यांनी नोंदवली. विद्यार्थ्याला ही चौकट उपयोगी पडते यात शंका नाही, मात्र ती उभी आहे शब्द असलेल्या गाण्यावर आणि ज्याचा चेहरा विकायचा आहे अशा गायकावर. तारप्यामध्ये शब्द नाहीत, आणि तारपकऱ्याचा चेहरा वाजवताना गाल फुगल्याने वेगळाच झालेला असतो. गुडविन यांची चौकट येथे मोडते, आणि ती कुठे मोडते हे विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्प-अहवालात लिहिणे हे चौकट पाठ करून लिहिण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, आणि डहाणू व तलासरी हे त्याचे गुजरातला लागलेले उत्तरेचे तालुके ठरले. पश्चिमेला डहाणू, चिंचणी, घोलवड, बोर्डीचा किनारा, सुरूची बने, मांगेल्यांची गावे आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिकूच्या वाड्या. रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि टेकड्यांच्या कुशीतले वारली, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी यांचे पाडे. वीस-पंचवीस किलोमीटरांत बोली बदलते, वाद्य बदलते, आवाजाची पट्टीही बदलते. तारप्याखेरीज येथे भगताच्या हातची घांगळी आहे, जिच्या दोन भोपळ्यांमधल्या तारांच्या साथीने धान्यदेवता कणसरीची कथा गायली जाते. ढोल आहे, भाद्रपदातला गौरीनाच आहे, लग्नाची गाणी आहेत, आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी नवी गाणीही आहेत. शेवटच्या प्रकाराकडे अभ्यासक नाक मुरडतात, ते योग्य नव्हे. ज्या पोरांनी तारप्याचा तुकडा ध्वनिमुद्रित करून त्याखाली ढोलाचा ठेका टाकला, त्यांनी त्या वाद्याला आपल्या वयाच्या मित्रांपर्यंत नेले. तक्रार करायचीच तर मूळ वादकाचे नाव फितीवर न घालण्याबद्दल करावी.

विद्यार्थ्याच्या जवळ जे आहे त्यातूनच शिक्षण उभे करावे हा विचार या मातीला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे काम शिंपले, बिया, पाने, माती आणि गाणी यांवर चालले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने पाड्यावर परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती परिसरातून घडवली आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा कुरणात नेली. भाड्याच्या कॅमेऱ्यावाचून आपला प्रकल्प अडून बसला आहे असे मानणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने कोसबादची टेकडी एकदा चढून यावी, असे सुचवायला हरकत नाही.

आता तारप्याकडे जरा जवळून पाहावे लागेल, कारण वाद्याची घडण कळल्याखेरीज त्याच्या चित्रीकरणाची योजना करता येत नाही. सुकवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्यात वादक हवा फुंकतो. भोपळ्याच्या दुसऱ्या टोकाला बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवलेल्या असतात, त्यांच्या आत पातळ पट्ट्या कंप पावतात, आणि नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा आवाजाला फुगवून बाहेर सोडतो. नळ्यांवरच्या छिद्रांवर दोन्ही हातांची बोटे फिरत असतात. स्वर तुटू न देता वाजवायचे असल्याने वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात ढकलत असतानाच नाकाने पुढचा श्वास आत घेतो. ही श्वासाची चक्री वर्षानुवर्षांच्या सरावाने साधते. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या साधनेची दखल सर्वदूर घेतली गेली.

या श्वासाचा नियोजनाशी थेट संबंध आहे. नेहमीच्या फितीत ‘प्लेबॅक’ वापरतात. आधी मुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या जागी वाजवायचे, गायकाने त्यावर ओठ हलवायचे, आणि प्रत्येक कोनातून तेच पुन्हा करून संकलनात सर्व तुकडे मूळ गाण्याशी जुळवायचे, अशी ती पद्धत आहे. तारपकऱ्याला ओठ हलवायचे नसतात, त्याचे गाल, मान आणि बरगड्या सतत काम करत असतात, आणि खोटे वाजवले तर ते पाड्यावरचे पोरही ओळखते. शिवाय त्याने काल वाजवलेली चाल आज तशीच्या तशी येत नाही, कारण नाचणाऱ्यांचे पाय पाहून तो चाल बदलतो आणि चाल बदलली की पाय बदलतात. तेव्हा तारप्याची फीत प्लेबॅकने होणार नाही. एक सलग, न थांबवलेले वादन दोन-तीन फोनांनी एकाच वेळी टिपणे हाच मार्ग उरतो. सर्व फोन सुरू झाल्यावर त्यांच्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी, म्हणजे टाळीचा आवाज आणि हात जुळल्याची चौकट पाहून नंतर सर्व तुकडे एका रेषेत बसवता येतात. या वादनातली कोणती साडेतीन मिनिटे घ्यायची, हा निर्णय संकलनाच्या मेजावर घेतला जातो. येथे गाण्याची लांबी शेवटी ठरते.

आणि आता कॅमेरा कुठे ठेवायचा? रंगमंचावरच्या गायकाला समोर असते आणि पाठ असते. कॅमेरा समोर उभा राहतो, प्रेक्षक कॅमेऱ्याच्या जागी बसतो. तारपानाचात तारपकरी मध्ये असतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हातांचा विळखा घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा संकेत आहे. सर्वांची तोंडे आत असतात. बाहेर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला त्यामुळे पाठींची एक हलती भिंत दिसते. आत शिरलेल्या कॅमेऱ्याला चेहरे दिसतात, मात्र मग नाचणारे तारपकऱ्याकडे पाहण्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाहू लागतात आणि रिंगणाला दोन केंद्रे होतात. सरकारी महोत्सवांत यावर एक तोडगा काढला जातो : रिंगण तोडून अर्धचंद्र करायचा, त्याचे तोंड प्रमुख पाहुण्यांकडे वळवायचे. विद्यार्थी नकळत तेच करतात, कारण त्यांनी तारपानाच पहिल्यांदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलेला असतो.

या अडचणीचे उत्तर चित्रकलेने फार पूर्वी काढून ठेवले आहे. वारली भिंतीवरच्या तारपानाचात रिंगण वरून पाहिल्यासारखे शंखाकृती उलगडत जाते, तर त्यातली प्रत्येक आकृती बाजूने पाहिल्यासारखी, दोन त्रिकोणांची, पाय दुमडलेली असते. एकाच चित्रात दोन नजरा नांदतात आणि कोणाचीच पाठ कोणाला अडवत नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८), ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ही भिंतीवरची भाषा कागद-कापडावर आणली आणि हजारो बारीक रेषांनी तिच्यात हालचाल भरली. चित्रफितीच्या पूर्वतयारीत ‘स्टोरीबोर्ड’ नावाची एक पायरी असते; प्रत्येक दृश्य कसे दिसेल याचे छोटे चौकोन ओळीने काढून ठेवायचे, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशी गोंधळ होत नाही. येथील विद्यार्थ्याने चौकोनांऐवजी आधी असे एक वारली रिंगण काढावे आणि त्यावर फोन कुठे कुठे राहतील ते ठिपक्यांनी दाखवावे. एक ठिपका वर हवा : शाळेची गच्ची, खळ्याशेजारचा उंचवटा किंवा परवानगीच्या क्षेत्रात असेल तर ड्रोन. (ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक-प्रमाणपत्र लागत नाही, उड्डाणबंदीचे क्षेत्र मात्र त्यालाही चुकत नाही, म्हणून नकाशा आधी तपासावा.) दुसरा ठिपका जमिनीलगत, पायांच्या उंचीवर. तिसरा, जमल्यास, नाचणाऱ्यांपैकीच एकाच्या हाती. तो रिंगणाबरोबर फिरतो, चित्र हलते, अधूनमधून शेजाऱ्याचा खांदा मध्ये येतो, आणि तरीही रिंगणातला माणूस काय पाहतो हे फक्त तोच दाखवू शकतो.

सर्वांत कठीण नियोजन दिनदर्शिकेचे. तारप्याचा काळ पाऊस ओसरता ओसरता, नवे धान्य दिसू लागल्यावर सुरू होतो आणि दिवाळीच्या सुमारास संपतो. एरवी कार्यक्रमांसाठी तो वाजतो खरा, पण खळ्यावर रात्रभर वाजत नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते, आणि प्रकल्प करायला मोकळे असलेले दुसरे सत्र सुरू होते तेव्हा पाड्यावरची निम्मी माणसे वीटभट्ट्यांवर, वसई-विरारच्या बांधकामांवर किंवा गुजरातेत कामाला गेलेली असतात. जानेवारीत पाड्यावर जाऊन ‘नाच करून दाखवा’ म्हणणाऱ्या गटाला दाखवण्यापुरताच नाच मिळतो. म्हणून प्रकल्पाचा विषय जूनमध्येच ठरवावा, चित्रीकरण सप्टेंबर-ऑक्टोबरात आटोपावे आणि दुसरे सत्र संकलनाला ठेवावे. किंवा सत्रच बदलता येत नसेल तर गाणे बदलावे. फाल्गुनात शिमगा आहे, उन्हाळ्यात लग्ने आहेत. ज्यांना स्वतः शब्द रचून गाणे बांधायचे आहे त्यांना तर ऋतूचे बंधन कमी आणि विषयांची वाण नाही : नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी अनुभवलेले भूकंपाचे हादरे आणि घराबाहेर काढलेल्या रात्री, वाढवणच्या बंदराबद्दल किनाऱ्यावर चाललेला वाद, किंवा पहाटेच्या अंधारात डहाणू रोडहून सुटणारी लोकल.

लग्नाची गाणी निवडणाऱ्या गटाने मात्र अधिक जपून पाऊल टाकावे. वारली लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाण्यांतून विधी चालवणारी स्त्री पुरोहित. तिची गाणी विधीचे मंत्र आहेत, करमणूक नव्हे, आणि विधीबाहेर ती म्हणावीत की नाही हे तिनेच ठरवायचे. भिंतीवरचा चौक, ज्यात पालघट देवी काढतात, तोही सुवासिनींच्या हातचा आणि त्या वेळेपुरता. याच लग्नांमागे एक दुसरा इतिहास उभा आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशी लग्नगड्याची प्रथा या तालुक्यांत होती. १९४५ मध्ये तलासरी तालुक्यातील झरी येथे भरलेल्या सभेपासून पेटलेल्या वारल्यांच्या लढ्याने वेठबिगारीबरोबर ती मोडली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे सहकारी मारले गेले. या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मधील पुस्तक वाचलेला विद्यार्थी हळदीचे दृश्य टिपताना नुसती पिवळी झळाळी शोधणार नाही. परुळेकर बाहेरून आलेल्या होत्या. त्या आधी ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी लिहिले, ही कार्यपद्धती म्हणूनही त्या पुस्तकाकडे पाहता येते.

संमती हा शब्द प्रकल्पाच्या अर्जात एका रकान्यापुरता असतो. येथे तिच्या निदान तीन पातळ्या आहेत. गाणाऱ्या-नाचणाऱ्या प्रत्येकाची, पाड्यावरच्या जाणत्यांची, आणि जागेची. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात, तेथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, तेव्हा गावात मोठे चित्रीकरण करण्यापूर्वी ग्रामसभेच्या कानावर घालणे हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणही. वनजमिनीवर वनविभागाची परवानगी लागते. पैशांबाबतही संकोच नको. तारपकऱ्याचा चित्रीकरणाचा दिवस हा त्याच्या मजुरीचा दिवस असतो. रोजगार हमी योजनेची महाराष्ट्रातील २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये होती; विद्यार्थ्यांच्या अंदाजपत्रकात प्रवास, नाश्ता आणि मेमरी कार्ड यांच्या आधी कलावंताचे मानधन लिहिलेले असावे आणि ते या आकड्याच्या बरेच वर असावे.

कायद्याची बाजू विद्यार्थ्यांना वाटते तितकी सैल नाही. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे. शिक्षणाच्या ओघात वर्गापुरत्या केलेल्या वापराला कायद्याने सवलत दिली आहे, ती गुण मिळवण्यापुरती पुरते. तीच फीत यूट्यूबवर टाकली की सवलत संपते आणि गाण्याची मालक कंपनी ती खाली उतरवू शकते. पारंपरिक चालीला कोणी एक कर्ता नसतो, म्हणून ती कोणाचीच नाही असा सोयीचा अर्थ लावला जातो. वास्तविक १९९४ च्या दुरुस्तीपासून सादरकर्त्याचा हक्क या कायद्यात स्पष्टपणे आलेला आहे. चाल परंपरेची असली तरी ते वादन वाजवणाऱ्याचे आहे, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय ते मुद्रित करून पसरवणे हा त्या हक्काचा भंग होतो. संमतिपत्र सोप्या मराठीत असावे, शक्य तर त्या बोलीत वाचून दाखवावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी राहावी.

पोशाखाविषयी एक इशारा. कपडेपटातून भाड्याने आणलेले पानांचे कमरपट्टे आणि पिसांचे मुकुट येथे कोणी कधी घालत नव्हते. ते हिंदी चित्रपटांतून आले. लुगडे नेसलेली आजी आणि जीन्स घातलेली नात एकाच रिंगणात दिसल्या तर फीत खोटी ठरत नाही, उलट तिची तारीख खरी ठरते. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ने (१९७७) ठाकरांचे जग मोठ्या आस्थेने आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने पडद्यावर आणले, तेही शेवटी कर्नाळ्याच्या परिसरात शहरी नटांनी उभे केलेले जग होते. आज वारली मुलगा स्वतः फोन हातात धरतो, ही गोष्ट तेव्हा नव्हती.

तांत्रिक बाजूचे सविस्तर विवेचन तज्ज्ञांवर सोपवून येथे थोडे हिशेब पुरेत. सेकंदाला २५ चौकटी या गतीने साडेतीन मिनिटांत ५२५० चौकटी होतात; सरासरी तीन सेकंदांचे एक दृश्य धरले तर सत्तर दृश्ये लागतात. ठेक्याची गती मिनिटाला १०० असेल तर दोन ठोक्यांमध्ये १५ चौकटी पडतात, आणि डीजेच्या गाण्यावर दृश्य बदलण्याची जागा या पंधराच्या पाढ्याने सापडते. तारप्याला हा पाढा लावू नये. तेथे दृश्य बदलायचे ते पावलाच्या आघातावर किंवा चाल पालटताना, आणि एखादे दृश्य चाळीस सेकंद न तोडता ठेवण्याचीही तयारी असावी. मोबाइलची चौकटींची गती प्रकाशाप्रमाणे कमी-जास्त होते, त्यामुळे लांब वादनात चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांना सोडतात. गती पक्की करण्याची सोय देणारे कॅमेरा-अॅप वापरल्यास हा त्रास बराच टळतो. आवाजासाठी एक फोन केवळ ध्वनिमुद्रणाला ठेवावा, कर्ण्याच्या अगदी तोंडाशी नव्हे तर तीन-चार हातांवर, बाजूला, कारण तोंडाशी ठेवल्यास आवाज फुटतो आणि पावलांचा नाद हरवतो. ब्लूटूथ स्पीकरवर प्लेबॅक लावणाऱ्या गटांनी लक्षात घ्यावे की आवाज तेथे क्षणभर उशिरा पोचतो. वारा ही किनाऱ्यावरची खरी अडचण. डहाणूच्या समुद्रावर फोनच्या माइकला जाड सुती कापडाचा तुकडा बांधला नाही, तर गाण्याऐवजी फडफड हाती लागते.

बोलीतल्या शब्दांखाली प्रमाण मराठीत तळओळी देताना अर्थ पोचतो, नाद जातो. त्यामुळे वारली किंवा मांगेली शब्द आधी त्याच बोलीत, देवनागरीत लिहून घ्यावेत, गाणाऱ्याकडून तपासून घ्यावेत आणि पडद्यावर वरच्या ओळीत तेच राहू द्यावेत. श्रेयनामावलीत वादकाचे नाव पाडा आणि गावासह यावे, दिग्दर्शकाच्या आधी. निवडलेल्या साडेतीन मिनिटांच्या फितीबरोबर संपूर्ण सलग वादन, त्यातले खोकणे, थांबणे, कुत्र्याचे भुंकणे आणि मध्येच कोणीतरी मागितलेले पाणी यांसह, वेगळे साठवून ठेवावे. व्हॉट्सअॅपवर पाठवले तर ते आक्रसते, म्हणून पेन ड्राइव्हवर घालून तारपकऱ्याच्या घरी नेऊन द्यावे, आणि त्या घरी ते पाहायला संगणक नसेल तर त्याच्या नातवाच्या फोनला जोडता येईल अशा टोकाचा पेन ड्राइव्ह घ्यावा.